गावात शास्त्रीय गाण्याची बैठक टिकते कशावर? चाकण पट्ट्याने औंधकडे बघावं

चाकण : पाऊस ओसरला की गाण्याच्या मैफलींचा हंगाम सुरू होतो. कोजागरीनंतर पाचव्या दिवशी, आश्विन वद्य पंचमीला, सातारा जिल्ह्यातल्या औंध गावात संगीत महोत्सव भरतो. पुढे मार्गशीर्षात चिंचवडला मोरया गोसावी यांचा संजीवन समाधी महोत्सव असतो, तर डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. यातली चिंचवड आणि पुणे ही शहरं. औंध मात्र खेड्यातला महोत्सव. म्हणूनच खेड, मावळ, मुळशीतल्या ज्या गावांना आपल्याकडे अशी बैठक बसवायची आहे, त्यांनी आधी औंध समजून घेतलेलं बरं.

राजाश्रय गेला, तरी गाणं राहिलं

हे औंध म्हणजे पुण्यातलं औंध नव्हे. खटाव तालुक्यातलं, यमाई देवीचं औंध. पाण्यासाठी झगडणारा हा दुष्काळी भाग. पंडित अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा यांनी 1940 साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ इथे गाण्याचा उत्सव सुरू केला. तेव्हा औंध संस्थान होतं आणि कलेची जाण असलेले राजे होते. 1948 साली संस्थान विलीन झालं. उत्सवाला तेव्हा अवघी आठ वर्षं झाली होती.

उत्सव तिथेच थांबू शकला असता. पण अंतुबुवांचे चिरंजीव, गायक आणि व्हायोलिनवादक पंडित गजाननबुवा जोशी यांनी तो पुढे नेला. त्यांच्यानंतर घरातली पुढची पिढी, शिष्यमंडळी आणि शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान यांनी तो सांभाळला. हिशेब साधा आहे. तिथी ठरलेली होती आणि गाणं शिकवणारं घर होतं. पैसा कधी कमी, कधी जास्त आला असेल, पण शिकणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली.

आपल्याकडे कान आहेत

"शास्त्रीय गाणं आपल्याला कळत नाही," असं गावात सर्रास म्हटलं जातं. ते पूर्ण खरं नाही. काकडआरतीला जाणारा माणूस भूप आणि भैरवचे सूर लहानपणापासून ऐकत आलेला असतो, फक्त त्याला रागाचं नाव माहीत नसतं. आळंदीत जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. आज आळंदीत कीर्तन, गायन आणि पखवाज शिकायला गावोगावची पोरं येतात. पंडित भीमसेन जोशी यांची संतवाणी घराघरात पोचली, तीही याच ओळखीच्या वाटेने. भजनी मंडळ असलेल्या गावाला शास्त्रीय गाणं परकं नाही.

अडचण दुसरीच आहे. यात्रेची वर्गणी जमते, बैलगाडा शर्यतीचं बक्षीस दरवर्षी वाढतं, डीजेच्या भिंती उभ्या राहतात. पण वर्षभर पखवाजावर हात बसवणाऱ्या पोराला गावात वाजवायला जागा नसते.

कंपन्यांचा पैसा कशासाठी मिळतो?

चाकण, तळेगाव, भोसरी म्हणजे कारखान्यांचा पट्टा. त्यामुळे "कंपनीकडून सीएसआर घेऊ आणि कार्यक्रम करू" असं पटकन सुचतं. इथे नियम नीट पाहायला हवा. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परिसरातल्या कामाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. मान्य कामांच्या यादीत कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचं संवर्धन आहे.

मात्र एका दिवसाचा सोहळा किंवा प्रायोजकत्व यात बसत नाही, असं केंद्र सरकारने 2014 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. म्हणजे एका रात्रीच्या मैफलीचा खर्च दाखवून सीएसआर मागायला गेलं, तर हात हलवत परत यावं लागेल. वर्षभराचा गायन-पखवाज वर्ग, वाद्यं, शिक्षकाचं मानधन असा प्रकल्प मांडला, तर बोलणी पुढे सरकू शकतात. त्यासाठी नोंदणीकृत संस्था हवी, कामाचा अनुभव हवा, हिशेब चोख हवा.

थोडक्यात, औंध जे परंपरेने करत आलं, त्याच वाटेने कायदाही न्यायला बघतो : आधी शिकवणं, मग मैफल.

वेळेचं गणित

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस तेवढी रात्री 12 पर्यंत सूट मिळते. त्यामुळे रात्रभराची बैठक उघड्यावर जमणं अवघड. पण सकाळची बैठक का नको? तिसरी पाळी करून आलेला कामगार आणि धार काढून मोकळा झालेला शेतकरी, दोघांनाही ती सोयीची. शिवाय भैरव, तोडी हे सकाळचे राग सकाळीच ऐकायला मिळतील. दोन तानपुरे, तबला, पेटी आणि देवळाचा सभामंडप एवढ्यात काम भागतं. मोठ्या मंडपाची गरज नाही.

2 ऑक्टोबरला बहुतेक गावांत ग्रामसभा होते. हंगामाच्या तोंडावर विषय मांडायला हीच वेळ योग्य. कोणता मोठा गायक बोलवायचा, हा प्रश्न तिथे सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी दोन गोष्टी ठरवाव्यात : दरवर्षीची तिथी कोणती, आणि आठवड्यातून कोणत्या वारी, कोणाच्या ओसरीवर पोरं शिकायला बसणार. या दोन ओळी ठरावात आल्या, तर पहिली बैठक गावच्याच पोरांची झाली तरी चालेल.