चार आण्यांची कोंबडी की ऋण काढून सण?

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा तेथील बैलबाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, मग खांदा, मग खूर. विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर तो विसंबत नाही. पिढ्यान् पिढ्या जोपासलेला हा चोखंदळपणा बैलाची जागा घेणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र क्वचितच आढळतो. जुनी मालवाहू गाडी दुरुस्त करून चालवावी की ती काढून नवी घ्यावी, हा प्रश्न आज शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील अनेक घरांपुढे उभा आहे. त्याचे उत्तर हिशेबाने दिले जाण्याऐवजी हौसेने किंवा भीतीने दिले जाते, ही चिंतेची बाब होय.

या गाड्यांचे महत्त्व शहरी वाचकाच्या सहजासहजी ध्यानात येणार नाही. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे जाते खरी, परंतु डोळखांब, किन्हवलीकडील शेतकऱ्याला तिचा उपयोग तो किती? उन्हाळी भेंडी, काकडी, कारली पहाटेच्या आत कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात पोहोचवायची तर पिकअपशिवाय गत्यंतर नाही. २००५ साली टाटा एस ही छोटी गाडी बाजारात आली आणि ‘छोटा हाथी’ या नावाने खेडोपाडी रुळली. बोलेरो पिकअपही त्याच सुमारास गावोगाव दिसू लागली. त्या लाटेत घेतलेल्या कित्येक गाड्या आता बारा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. कोकणच्या पावसाने त्यांचे पत्रे खाल्ले आहेत आणि घाटरस्त्यांनी पाटे थकवले आहेत.

अशा वेळी दोन प्रकारचे सल्लागार पुढे येतात. जुन्या गाडीवर पैसा घालणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे एक म्हणतो. नवी गाडी म्हणजे ऋण काढून सण, असे दुसरा बजावतो. दोन्ही म्हणींत अनुभवाचे शहाणपण आहे. परंतु म्हण ही हिशेबाची जागा घेऊ शकत नाही.

अर्थशास्त्राचा पहिला धडा असा की, झालेला खर्च निर्णयात धरू नये. ‘गेल्याच वर्षी इंजिन उघडले, आता कशी विकायची?’ हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी तो चुकीचा आहे. तो पैसा गाडी ठेवली तरी परत येत नाही आणि विकली तरी येत नाही. गाडीची आजची बाजारातील किंमत आणि येथून पुढचा खर्च, एवढ्याच दोन गोष्टी विचारात घ्यावयाच्या असतात.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. जुन्या गाडीला आज २ लाख रुपये येतात. १ लाख २० हजार रुपये घालून ती आणखी ४ वर्षे चालेल आणि मग ८० हजारांना विकली जाईल. म्हणजे घसारा वर्षाला ६० हजार, आणि गुंतलेल्या रकमेवरील १० टक्के व्याज सरासरीने २० हजार; एकूण ८० हजार. नवी गाडी १० लाखांची. १० वर्षांनी तिचे ३ लाख येतील. तिचा घसारा वर्षाला ७० हजार, व्याज सरासरीने ६५ हजार आणि विम्याचा वाढीव भार १५ हजार. एकूण दीड लाख. म्हणजे नवी गाडी नुसती दारात उभी राहिली तरी वर्षाला ७० हजारांनी महाग पडते. उलट जुनी गाडी रस्त्यावर आली की जास्त डिझेल, किरकोळ दुरुस्ती आणि खाडे मिळून दिवसाला, समजा, ४०० रुपये जास्त खाते. ७० हजारांना ४०० ने भागले की १७५ येतात. वर्षातून १७५ दिवसांहून कमी धावणारी गाडी दुरुस्त करावी, त्याहून अधिक धावणारी बदलावी, असा या उदाहरणाचा निष्कर्ष आहे. प्रत्येकाचे आकडे निराळे असतील; रीत मात्र हीच. निर्णय गाडीच्या वयावर नव्हे, तर ती वर्षात किती दिवस कमावते यावर अवलंबून असतो.

नेमकी येथेच या भागाची अडचण आहे. भाजीचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, तर कर्जाचा हप्ता बारा महिन्यांचा. आठ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने ५ वर्षांत फेडावयाचे म्हटले, तर महिन्याला सुमारे १७ हजार रुपये लागतात. आषाढात गाडी दारात उभी असतानाही तो हप्ता चुकत नाही. ज्याला औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे किंवा वीटभट्टीचे पावसाळ्याबाहेरील काम, तसेच दुधाची रोजची फेरी मिळाली आहे, त्याने नवी गाडी जरूर घ्यावी. ज्याची गाडी भेंडीबरोबर सुरू होते आणि भेंडीबरोबर थांबते, त्याने तोच पावसाळा दुरुस्तीसाठी वापरणे शहाणपणाचे ठरेल.

पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीतच काढावी लागते, असा एक समज पसरला आहे. तो खरा नाही. २०२१ साली जाहीर झालेल्या केंद्राच्या धोरणाने १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून थांबवली. खाजगी मालकाची मालवाहू गाडी मात्र योग्यता तपासणीत उत्तीर्ण झाली, तर आपल्याकडे चालू शकते. ही तपासणी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी करावी लागते. पंधरा वर्षांनंतर तिचे शुल्कही बरेच वाढते. हा खर्च हिशेबात धरला पाहिजे. त्याचबरोबर, नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिल्यास नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हेही विसरता कामा नये.

नव्या गाडीची दुसरी बाजूही आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा सहाच्या निकषांमुळे धूर पुष्कळ कमी झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण या इंजिनाचा बिघाड पान्याने नव्हे, संगणकाने शोधावा लागतो. सरळगाव किंवा धसईच्या नाक्यावरील मिस्त्री जुने इंजिन डोळे मिटून उघडेल. नव्यापुढे तो हतबल होतो.

एका ठिकाणी मात्र सारा हिशेब थांबला पाहिजे. चासी गंजली असेल, ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा भरवसा उरला नसेल, तर किती दिवस आणि किती रुपये हा प्रश्नच गैरलागू ठरतो. माळशेज किंवा कसारा घाटात अशी गाडी नेणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर काटकसर करणे होय. रिकाम्या हौद्यात मजूर किंवा वऱ्हाडी बसवण्याची बेकायदा प्रथा चालू असताना तर हे अधिकच गंभीर आहे.

हा केवळ मालकांच्या शहाणपणाचा प्रश्न नाही. नव्या गाडीसाठी कर्ज देणारे दारापर्यंत येतात. लाखभराच्या दुरुस्तीसाठी माफक व्याजाचे कर्ज मात्र सहसा मिळत नाही. त्यामुळे ज्याने दुरुस्ती करावयाची, तोही हप्त्याच्या फेऱ्यात ओढला जातो. सहकारी पतसंस्थांनी हंगामात फेडता येईल असे दुरुस्तीकर्ज सुरू करावे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गावच्या मिस्त्र्यांना नव्या इंजिनांचे अल्पमुदतीचे शिक्षण द्यावे. दोन्ही गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत.

पिकअपच्या कर्जाच्या कागदावर पुष्कळदा जामीन म्हणून सही असते ती घरातील पगारदाराची: शाळेतील मास्तरांची, नाहीतर कचेरीतील कारकुनाची. हप्ते थकले की वसुलीचा तगादा त्याच्या पगारापर्यंत येऊन पोहोचतो. सही करण्यापूर्वी त्याने भावाला एकच प्रश्न विचारावा: ‘गेल्या वर्षी गाडी किती दिवस चालली?’ त्याचे उत्तर वहीत लिहिलेले नसेल, तर सही वर्षभर थांबू शकते.