अपवादाचे राजकारण

मायकेल क्रायटन यांच्या कादंबरीवर आधारलेल्या बॅरी लेव्हिन्सन यांच्या 'डिस्क्लोजर' (१९९४) या चित्रपटाची पाठराखण एका सूत्राच्या आधारे केली जाते : लैंगिक छळ हा वासनेचा नव्हे, सत्तेचा प्रश्न आहे; सत्ता स्त्रीच्या हाती आली की तीही छळ करते; सबब छळाला लिंग नसते. युक्तिवाद वरकरणी निर्दोष आहे. पुरुषाचा छळ संभवतच नाही, असे कोणीही गंभीरपणे म्हणत नाही. प्रश्न एवढाच की, अपवादाला नियमाच्या आसनावर बसवण्यासाठी या कथनाला काय काय दडवावे लागते?

सिएटलमधील एका संगणक-कंपनीत टॉम सँडर्सला डावलून त्याच्या पूर्वीच्या प्रेयसीला, मेरेडिथ जॉन्सनला, वरचे पद मिळते. ती त्याच्याशी लगट करते; तो निसटतो; दुसऱ्या दिवशी तीच त्याच्यावर आरोप करते. पुढे उलगडा होतो की, मलेशियातील कारखान्यात तिने केलेल्या बदलांमुळे उत्पादन सदोष झाले असून त्याचे खापर टॉमच्या माथी फोडायचे आहे. म्हणजे छळ हे या संहितेचे आशयसूत्र नाहीच. ते कार्यालयीन कारस्थानातले एक प्यादे आहे. तक्रारीचा निकाल लागल्यावरही चित्रपट संपत नाही, कारण त्याचे खरे नाट्य खुर्चीच्या स्पर्धेत आहे. प्रेक्षकाच्या मनात मात्र एक प्रतिमा ठसते : खोटी तक्रार करणारी महत्त्वाकांक्षी स्त्री. ऑक्टोबर १९९१मध्ये अनिता हिल यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, तरी क्लॅरेन्स थॉमस यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी ही प्रतिमा घडवली जाते. तिला निरागस कसे मानावे?

संहितेचे मौन तिच्या उक्तीहून अधिक बोलके आहे. टॉमची सेक्रेटरी सिंडी त्याच्या सलगीच्या स्पर्शाविषयी सांगते, तो क्षण पाहावा. वरिष्ठ पुरुष, कनिष्ठ स्त्री आणि 'त्यात काय एवढे' म्हणून खपवली जाणारी सवय : कॅथरिन मॅकिनन यांनी १९७९च्या ग्रंथात ज्या व्यवहाराची कायदेशीर मांडणी केली, तो नेमका इथे आहे. पण कथन त्याला ओझरता स्पर्श करून पुढे सरकते. सिंडीची गोष्ट हाच खरा चित्रपट होता. तो काढला गेला नाही. शिवाय टॉमजवळ पुरावा आहे. चुकून चालू राहिलेल्या फोनमुळे सारा प्रसंग ध्वनिमुद्रित होतो. शब्दाविरुद्ध शब्द, ही तक्रारदार स्त्रीची नित्याची कोंडी पटकथा एका योगायोगाने मिटवते. अखेरीस ते पद स्टेफनी कॅप्लन या संयत, प्रौढ स्त्रीला दिले जाते. त्यामुळे चित्रपट स्त्रीद्वेषाच्या आरोपातून सुटतो, असे समर्थक मानतात. वस्तुतः 'चांगली स्त्री' विरुद्ध 'वाईट स्त्री' हा जुनाच द्विध्रुवी विरोध येथे नव्या खुर्चीवर बसवला आहे.

अब्बास-मस्तान यांच्या 'ऐतराज़'मध्ये (२००४) हेच कथासूत्र मुंबईच्या हिंदी पडद्यावर आले, तेव्हा उरलासुरला आडपडदाही गळून पडला. सोनियाची सत्ता तिच्या पदातून आलेली नाही. कंपनीच्या मालकाची पत्नी म्हणून ती मिळाली आहे. 'सत्तेला लिंग नसते' हा सिद्धान्त इथेच कोसळतो. नायकाचा खटला त्याची पत्नी लढवते, म्हणजे कार्यालयाचा प्रश्न गृहिणी विरुद्ध कुलटा या वळणावर जातो आणि सोनियाला आत्महत्येची शिक्षा मिळते. प्रियांका चोप्रा यांना या भूमिकेसाठी 'फिल्मफेअर'चा खलभूमिकेचा पुरस्कार मिळाला.

याच देशात राजस्थानातील 'साथिन' भंवरीदेवी यांनी बालविवाहाला विरोध केला म्हणून १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्याजवळ कोणतेही ध्वनिमुद्रण नव्हते. १९९५मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. या घटनेच्या निमित्ताने दाखल झालेल्या याचिकेतून १९९७चा 'विशाखा' निकाल आणि पुढे २०१३चा कायदा आला. 'ऐतराज़' त्या निकालानंतर सात वर्षांनी आला, तरी त्याला भंवरीदेवी दिसल्या नाहीत. कारण दिसल्या असत्या तर कथानकच उभे राहिले नसते.

भूमिकांची अदलाबदल ही समीक्षेची पद्धत होऊ शकते, पण त्यासाठी मूळ असमतोल नजरेसमोर ठेवावा लागतो. तो पुसून केलेली अदलाबदल सत्तेची चिकित्सा नसते. ती सत्तेने मागितलेली क्षमापत्रिका असते, आणि तीही छळ सोसणाऱ्यांच्याच सहीने.