नेपाळचीं नगरें आणि आमच्या वहिनी

गेल्या अंकांत हें सदर वाचकांस दिसलें नाहीं, म्हणून तीनचार पत्रें आलीं. एका वाचकभगिनीनें तर आमच्या प्रकृतीविषयीं काळजी व्यक्त केली. तें पत्र वाचून आम्हांस संकोच वाटला. कारण त्या सुमारास आमची प्रकृति उत्तम होती आणि आम्ही नेपाळांत भक्तपूर येथें एका ओट्यावर बसून मातीच्या वाडग्यांतील दहीं खात होतों. तेथले लोक त्या दह्यास ‘जुजु धौ’ म्हणजे दह्यांचा राजा म्हणतात, आणि त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

आजवर आम्हीं ज्या यात्रा केल्या त्या पन्नास पन्नास माणसांच्या. मोटार थांबावी, शिटी वाजावी, धांवत दर्शन घ्यावें आणि पुन्हां शिटी वाजण्यापूर्वीं मोटारींत येऊन बसावें, असा तो प्रकार. घरीं परतल्यावर देवळांची संख्या तेवढी सांगतां येई. देऊळ एकहि सांगतां येत नसे. ह्या खेपेस एका मित्रानें बारा माणसांच्या छोट्या मंडळीची माहिती दिली. दहा दिवस, तीन जुनीं शहरें, डोंगरांतील दोन गांवें, आणि बरोबर त्याच भूमींत जन्मलेला एक मार्गदर्शक. पैसे थोडे अधिक पडत होते. पण घाई नाहीं, हें आश्वासन आमच्या वयाला मोलाचें वाटलें. दोन जागा राखून ठेवल्या आणि निघण्यास तीन आठवडे उरले असतां आमच्या कुटुंबाचा गुडघा सुजला. डॉक्टरांनीं चढउतार वर्ज्य सांगितला. तेव्हां सौभाग्यवतीच म्हणाली, “माझी जागा फुकट कां घालवायची? जाऊबाईंना घेऊन जा.”

जाऊबाई म्हणजे आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या पत्नी. वय ७१. बंधु जाऊन तीन वर्षें झालीं. त्या काळांत वहिनींचा प्रवास देवघर ते माजघर एवढाच झाला होता, आणि घरांत कोणाला त्यांत वावगें वाटलें नव्हतें. आम्हांसहि वाटलें नव्हतें, हें येथें लिहून ठेवलें पाहिजे.

रात्रीं जेवणानंतर विषय निघाला. वहिनींचे थोरले चिरंजीव एकदम म्हणाले, “काका, काशीला म्हणाल तर मी स्वतः आईला घेऊन जातों. पण ह्या वयांत, परक्या माणसांत, मौजेच्या सहलीला?” ‘मौजेच्या’ हा शब्द त्यांनीं जरा जड उच्चारला. वहिनी कोपऱ्यांत वाती वळीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. धाकट्या सूनबाई मात्र बोलल्या, “मामंजी असते आणि जाणार असते, तर त्यांना आपण असें विचारलें असतें का? आणि सासूबाईंना तरी कोणीं विचारलें आहे?” कोणीच उत्तर देईना. मग वहिनी वातींची डबी बंद करीत म्हणाल्या, “भाऊजी, तिकडे थंडी किती असते?” आम्ही काय समजावयाचें तें समजलों.

काठमांडूंत उतरल्यावर घड्याळें पंधरा मिनिटें पुढें करावीं लागतात. नेपाळची वेळ आपल्यापुढें तेवढीच आहे. शहर मोठें, धुळीचें व वाहनांच्या कोलाहलाचें झालें आहे. पशुपतिनाथाच्या मुख्य गाभाऱ्याचे पुजारी कर्नाटकांतून आलेले भट्ट असतात, हें ऐकून वहिनींस घरच्यासारखें वाटलें. काष्ठमंडप, ज्यावरून शहरास हें नांव पडलें असें मानतात, तो २०१५ च्या भूकंपांत कोसळला व पुन्हां उभा राहिला आहे. त्या निमित्तानें पाया उकरला तेव्हां तो सातव्या शतकाइतका जुना निघाला.

आम्हां मराठी माणसांस काठमांडूंत आणखी एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. १८५७ च्या पराभवानंतर नानासाहेब पेशव्यांच्या कुटुंबांतील स्त्रियांस जंगबहादुर राण्यानें ह्याच शहरांत आश्रय दिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर येथें कौलांच्या कारखान्याच्या मिषानें येऊन राहिले. मनांत बेत शस्त्रांचा होता. आम्ही सायंकाळीं मंडळीस हें मोठ्या उत्साहानें सांगितलें. वहिनी सर्व ऐकून एवढेंच म्हणाल्या, “त्या पेशव्यांच्या बायकांना मेल्या थंडीची संवय कशी झाली असेल?” इतक्या वर्षांच्या अध्यापनांत हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नव्हता.

आमचा मार्गदर्शक तिशीच्या आंतला नेवार तरुण होता. पूर्वज सुतारकाम करीत; हा इतिहास शिकला. हिंदी स्वच्छ बोले. वहिनींस तो पहिल्या दिवसापासून ‘आमा’ म्हणूं लागला. पाटणच्या राजवाड्यासमोरील चौकांत त्यानें आम्हांस पुरे तीन तास ठेवलें. सिद्धिनरसिंह मल्लानें १६३७ सालीं बांधलेलें कृष्णमंदिर सबंध दगडाचें. त्याच्या पट्ट्यांवर रामायण व महाभारत कोरलेलें. त्यानें पहिलें चित्र दाखविलें आणि म्हणाला, पुढचें तुम्हीं ओळखा. आमच्यांतील एक गृहस्थ आठव्या चित्राशींच कंटाळले व छायाचित्रें घेऊं लागले. वहिनी मात्र पदर सांवरीत शेवटपर्यंत गेल्या आणि दोन ठिकाणीं त्यांनीं आमचीच चूक दुरुस्त केली.

त्याच चौकांतील हरिशंकराचें देऊळ २०१५ च्या भूकंपांत साफ कोसळलें होतें. कोरीव तुळ्या, टेकू, खिडक्यांचे तुकडे लोकांनीं वेंचून राजवाड्याच्या बागेंत रचून ठेविले आणि पुढें त्यांतूनच देऊळ उभें केलें. जुनें काळवंडलेलें लाकूड आणि त्यास जोडलेलें नवें पिंवळसर लाकूड आजहि डोळ्यांस निराळें दिसतें. आमच्यांतील एका निवृत्त अभियंत्यांचें मत पडलें कीं, एवढा खटाटोप करण्यापेक्षां सिमेंटचें मजबूत देऊळ झालें असतें. मार्गदर्शक रागावला नाहीं. तो म्हणाला, “साहेब, हें जोडणाऱ्या हातांना हेंच काम येतें. सिमेंट घातलें तर पुढच्या भूकंपानंतर जोडणारा कोण उरेल?” अभियंते मानी गृहस्थ, ते रात्रीपर्यंत गप्प होते, आणि जेवतांना त्यांनीं सांध्यांविषयीं चार प्रश्न विचारले. पन्नासांच्या यात्रेंत असा वाद व्हावयास अवकाशच नसतो.

भक्तपूर हें तिन्ही शहरांत आम्हांस अधिक आवडलें. विटांच्या गल्ल्या, चौकांत वाळत घातलेलें धान्य, कुंभारांचीं चाकें. भूपतींद्र मल्लाचें १७०२ सालचें न्यातापोल हें पांच मजल्यांचें देऊळ १९३४ चा भूकंप सोसून उभें राहिलें व २०१५ चाहि. त्याच्या जिन्यावर खालपासून मल्ल, हत्ती, सिंह, शार्दूल व देवता अशा जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बळाची. मल्ल स्वतः सामान्य माणसाच्या दसपट. म्हणजे वरच्या देवतेचें बळ एक लक्ष माणसांचें होतें. आमच्या वर्गांतील मुलांस हें उदाहरण मिळालें असतें तर दशमानपद्धति एका तासांत पटली असती!

तेथेंच दत्तात्रेयाचें देऊळ आहे; पंधराव्या शतकांतील, यक्षमल्लाच्या काळचें. सबंध देऊळ एका झाडाच्या लाकडांतून निघालें अशी आख्यायिका आहे. वाडीच्या दत्ताला दरवर्षीं जाणाऱ्या घराण्यांतील बाई हिमालयाच्या पायथ्याशीं दत्त पाहून थबकली, आणि शेजारीं बौद्ध नेवार बाई तोच दिवा ओंवाळीत होती. वहिनींनीं तिच्या ताटांतलें फूल मागून घेतलें.

आतां चांगुनारायण. भक्तपूरच्या उत्तरेस टेकडीवर हें विष्णूचें देवस्थान आहे आणि तेथील स्तंभावर मानदेव राजाचा इ. स. ४६४ चा संस्कृत शिलालेख आहे. ह्या लेखासाठीं आम्ही घरून सज्ज होऊन आलों होतों. मंडळीसमोर तो वाचून दाखवावा, अशी, खरें सांगावयाचें तर, थोडी फुशारकीहि मनांत होती. चष्मा पुसून स्तंभाजवळ गेलों आणि एक अक्षर लागेना! भाषा आमची, लिपि गुप्तकालीन. जन्मभर संस्कृत शिकविलेला मनुष्य संस्कृतापुढें निरक्षर उभा राहिला. मार्गदर्शकानें लिपि पुस्तकावरून शिकून घेतली होती. त्यानें पहिल्या श्लोकावर बोट फिरवीत तो म्हटला, तेव्हां शार्दूलविक्रीडित मात्र आम्हीं ओळखलें, आणि तेवढ्यावर समाधान मानलें.

मग त्यानें कथा सांगितली. राजा धर्मदेव अकस्मात् वारला. राणी राज्यवती सहगमनास निघाली. पुत्र मानदेव आईचे पाय धरून रडला; तूं गेलीस तर तुझ्या आधीं मीच प्राण सोडीन, म्हणाला. आई राहिली. पुढें पुत्रानें पूर्वेकडील व पश्चिमेकडील सामंत जिंकले, गंडकी ओलांडून मल्लपुरी घेतली, आणि परतल्यावर आईच्या हातून ब्राह्मणांस दान देवविलें. तीन वर्षांनीं, ४६७ त, आईच्या पुण्यार्थ त्रिविक्रमाची मूर्ति स्थापिली. राहिलेल्या आईचें वर्णन करतांना कवीनें तिला पाशांत सांपडलेल्या पक्षिणीची उपमा दिली आहे. आम्हीं लगेच मंडळीस उपमेची चारुता समजावून दिली.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, राहिली ती चांगलें झालें. पण पाशांत सांपडली म्हणूनच राहिली, हें त्या कवीला कोणीं सांगितलें? राहावेंसें वाटलें म्हणून राहिली नसेल का?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. बंधु गेले त्यानंतरचे दिवस आठवले. वहिनी अन्नाला शिवत नसत, आणि आम्ही सर्व जण पाळीपाळीनें त्यांस म्हणत असूं, मुलांसाठीं तरी जेवा, नातवंडांसाठीं तरी उठा. प्रेमानेंच म्हणत होतों. पण तुम्हांला स्वतःला काय हवें आहे, हें तीन वर्षांत एकानेंहि विचारलें नव्हतें. विचारलें तें धाकट्या सूनबाईंनीं, आणि तेंहि त्यांना नव्हे, आम्हांला. मार्गदर्शक तेवढ्यांत म्हणाला, “आमा बरोबर विचारतात,” आणि त्यानें हा प्रश्न आपल्या वहींत टिपून घेतला.

पुढें त्रिशूली नदीच्या कांठानें मोटारीचा मार्ग. गोरखा येथें डोंगरावर शहा राजांचा जुना वाडा आहे. पृथ्वीनारायण शहा येथलाच. त्यानें १७६८ सालीं इंद्रजात्रेच्या दिवशीं काठमांडू घेतलें आणि पुढच्या वर्षीं भक्तपूर घेऊन तिन्ही मल्लराज्यें संपविलीं. पायऱ्या फार, आमच्यांतील चौघे खालीं चहा घेत बसले, व बाकीच्यांस त्यांच्यासाठीं लवकर उतरावें लागलें. बारा माणसांच्या प्रवासाचा हा दोषहि सांगितला पाहिजे. एकाचें पाऊल अडलें कीं सर्वांचें अडतें, आणि सातव्या दिवशीं जेवणाच्या टेबलावरील तेच तेच चेहरे नकोसे होतात.

बंदीपूर मात्र विसरणार नाहीं. मल्लराज्य गेल्यावर भक्तपूरचे नेवार व्यापारी ह्या डोंगराच्या कण्यावर येऊन वसले आणि हिंदुस्थान व तिबेट यांमधील व्यापारावर गब्बर झाले. १९७० नंतरच्या दशकांत खालून मोठा रस्ता झाला, जिल्ह्याची कचेरी दमौलीस गेली, आणि पेठ ओस पडली. पैसा गेला म्हणून घरें पाडून नवीं कोणी बांधलीं नाहींत, आणि आज तींच जुनीं घरें पाहावयास लोक येतात. फरसबंद पेठेंत मोटार येत नाहीं. पद्म पुस्तकालय नांवाचें एक वाचनालय पेठेंत पाहून आम्हांस फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशीं पहांटे वहिनी खोलींत नव्हत्या. आमची घाबरगुंडी उडाली. पुतण्यास काय सांगावें, हा एकच विचार डोक्यांत. अभियंते एका दिशेस, आम्ही दुसऱ्या. अखेर गांवाबाहेरच्या टुंडीखेल मैदानाच्या कडेला त्या सांपडल्या. एका म्हाताऱ्या नेवार बाईशेजारीं शाल पांघरून बसलेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती व दोघींचें बोलणें चाललें होतें. आम्ही तावातावानें कांहीं बोलणार, तोंच वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ओरडूं नका. तिकडे पाहा.” उत्तरेस अन्नपूर्णेची सबंध रांग उजळली होती. आम्ही खालीं बसलों. चप्पल दोन निरनिराळ्या जोडांची घातली होती, हें तेव्हां ध्यानांत आलें.

मुंबईस विमानतळावर पुतण्या घ्यावयास आला होता. वहिनींसाठीं त्यानें चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. वहिनींनीं तीवर आपली पिशवी ठेविली आणि त्या चालूं लागल्या.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं आश्विन-कार्तिकांत जावें. आकाश निवळलेलें असतें. शाकाहार सर्वत्र मिळतो, पण फराळाच्या दुकानीं आधीं विचारावें, कारण तेथें म्हशीचें मांस पुष्कळ चालतें. जोडे सवयीचे असावेत. मानदेवाच्या लेखाचें छापील वाचन आम्हीं मागविलें आहे. तें आलें म्हणजे वहिनींच्या प्रश्नासह तो श्लोक पुन्हां वाचूं. तूर्त पुढील अंकीं, कबूल केल्याप्रमाणें, ‘रघुवंशा’चा राहिलेला सर्ग.