जाणाऱ्याचा ईएमआय

परदेशात सेवा करायला निघालेल्या माणसाचं कौतुक करणं फार सोपं असतं. फोटो लाइक केला, खाली 'अभिमान वाटतो रे' लिहिलं की आपलं काम संपलं. मागे त्याच्या घरात काय चाललंय हे कुणी विचारत नाही.

चौसाळ्याचा माझा एक मित्र डॉक्टर आहे. एमबीबीएस, इंटर्नशिप, मग दोन वर्षं सरकारी दवाखाना. आता 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'तर्फे दक्षिण सुदानला चाललाय. निघण्याआधीचं ट्रेनिंग गेल्या आठवड्यात संपलं. निम्म्या गावाला वाटतंय की पोरगं अमेरिकेला चाललं :-) काकूंचा प्रश्न मात्र सरळ आहे. "आधी पीजी कर, मग कुठं जायचं तिकडं जा. कॉलेजचं कर्ज कोण फेडणार?"

अशा वेळी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतंच. त्यात आमच्या चौसाळ्यावरून जाणारा हायवे थेट त्यांच्या सोलापूरला जातो! मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झालेले कोटणीस पुढच्या शिक्षणाची तयारी सोडून सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकासोबत चीनला गेले. तिथे जपानशी युद्ध चालू होतं. पथकातले काही जण लवकर परतले, हे राहिले. चिनी भाषा शिकले, बेथून हॉस्पिटलचे प्रमुख झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, ३२व्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला.

ही गोष्ट काकूंना सांगून बघा. त्यांना त्यातलं एकच ऐकू येईल. मुलगा चीनमध्ये असताना सोलापूरला वडील वारले आणि मुलगा परत आला नाही. त्यांचं काय चुकलं, सांगा?

म्हणून मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ते पथक गेलं कसं? काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केलं आणि लोकांनी वर्गणी दिली. पाच डॉक्टरांची नावं इतिहासात आहेत, वर्गणी देणाऱ्यांची नाहीत. पण ती नसती तर बोट निघाली नसती.

आता आपण आयटीवाले. आपल्यापैकी बहुतेक जण दक्षिण सुदानला जाणार नाही, आणि तिथे आपल्या जावाचा तसा उपयोगही नाही. पण महिन्याच्या एक तारखेला आपल्या खात्यात पगार जमा होतो. मित्राला तिकडे मिळणारा पैसा बेताचा आहे, त्यातून कर्जाचा पूर्ण हप्ता निघत नाही. उरलेला आम्ही चार मित्रांनी वाटून घ्यायचा, आणि काकूंना बीडला तपासणीला न्यायचं काम गावात राहणाऱ्या पाचव्याने करायचं, असं माझं मत आहे.

एक मित्र म्हणाला, "निर्णय त्याचा, कर्ज त्याचं, आपण का भरायचं?" बरोबर आहे, सक्ती कुणावरच नाही. पण मग 'अभिमान वाटतो' असंही म्हणू नये. आपल्याला काहीच द्यावं लागत नसेल तर अभिमान कशाचा?

असो. मित्राशी बोलून आकडे एक्सेलमध्ये मांडलेत. काकूंचा होकार अजून आलेला नाही. पण परवा फोनवर त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "तिकडं जेवायला काय मिळतं रे?"