फोनला मिडी कीबोर्ड जोडताय? आधी आवाज कुठून ऐकणार ते ठरवा

इन्स्टाग्रामवर अशी रील्स तुम्हीही पाहिली असतील. मांडीवर हातभर लांबीचा कीबोर्ड, समोर फोन, मध्ये एक वायर, आणि तीस सेकंदांत ढोल, बेस, बासरी मिळून गाणं तयार. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न: "दादा, माझ्या फोनला चालेल का?" आणि ठरलेलं उत्तर: "हो, लिंक बायोमध्ये."

चालेल, हे बहुतेक वेळा खरं असतं. पण चालणं आणि वाजवता येणं यात फरक आहे, आणि पैसे तिथेच वाया जातात.

मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्हज' परिषद झाली. पंतप्रधानांनी तिथे 'ऑरेंज इकॉनॉमी'चा, म्हणजे कला आणि कल्पकतेवर उभ्या राहणाऱ्या अर्थव्यवस्थेचा उल्लेख केला. तेव्हापासून क्रिएटर, कंटेंट, स्टार्टअप हे शब्द सरकारी भाषणांत रुळले आहेत. त्याच्या वर्षभर आधी, २०२४ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' देशभर वाजलं. त्याचं संगीत त्याच्याच भावाचं, जी-स्पार्कचं. त्यामुळे 'आपल्याकडून पण होऊ शकते' असं वऱ्हाडातल्या एखाद्या पोराला वाटलं तर त्यात नवल नाही.

आता हे बाळापुरातून बघा. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचं, किल्ल्याचं हे तालुक्याचं गाव. अकोला इथून साधारण २५ किलोमीटर. गाणं रेकॉर्ड करायचं तर अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठा, स्टुडिओचे तासाचे पैसे मोजा, आणि चाल सुचायची ती त्या तासाभरातच सुचायला हवी. कॉलेजात शिकणाऱ्या मुलासाठी फोन हाच पहिला स्टुडिओ असतो. त्याला जोडायचा छोटा कीबोर्ड साधारण चार ते दहा हजारांना मिळतो. घरून एकदाच मिळणारी ही रक्कम आहे, त्यामुळे ती चुकीच्या जागी गेली की विषय संपतो.

या कीबोर्डला आवाज नसतो

पहिली गफलत इथे होते. मिडी कीबोर्ड म्हणजे पेटी नाही, 'कॅसिओ'ही नाही. तो नुसता वाजवला तर पट्ट्यांची टकटक ऐकू येते, बाकी काही नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप तो फोनला देतो. आवाज काढतं ते फोनमधलं ॲप. म्हणून एकाच पट्टीतून आत्ता सनई आणि पुढच्या क्षणी तबला निघू शकतो.

ही भाषा १९८३ ची. रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून तिच्यासाठी पुढाकार घेतला. दोघांनाही २०१३ मध्ये त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. एक सूर वाजवायचा निरोप अवघ्या तीन बाइटचा. जुन्या नोकियावर वाजणाऱ्या पॉलिफोनिक रिंगटोन आठवतात? त्याही मिडीच होत्या. म्हणून तर त्या एवढ्याशा मेमरीत मावायच्या.

अँड्रॉइडमध्ये मिडीची सोय २०१५ पासून, म्हणजे ६.० आवृत्तीपासून आहे. आयफोनमध्ये त्याही आधीपासून. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी बंधनकारक केलं. ॲपलने त्याआधीच, २०२३ मध्ये, आयफोन १५ ला ते पोर्ट दिलं होतं. त्यामुळे जोडणी पूर्वीपेक्षा बरीच सोपी झाली आहे. कीबोर्डची वायर सरळ फोनमध्ये. कीबोर्डचं पोर्ट वेगळं असेल तर मध्ये ओटीजी ॲडॉप्टर.

न जुळल्यास तीन गोष्टी बघा. एक, वायर नुसत्या चार्जिंगची तर नाही? अशी वायर कीबोर्डचा दिवा लावते, निरोप मात्र पोचवत नाही. दोन, काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी सुरू करावं लागतं आणि काही मिनिटं वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. तीन, रंगीत दिव्यांचा, मोठा कीबोर्ड फोनच्या बॅटरीवर चालत नसेल. २५ पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डला ही अडचण सहसा येत नाही.

खरी अडचण इअरफोनची

हे रील्समध्ये कुणी दाखवत नाही. फोनला पोर्ट एकच, त्यात कीबोर्डची वायर गेली. मग ऐकायचं कशावर? फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही. ब्लूटूथ इअरफोन लावले तर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांनी.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण हिशेब करा: हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तुमची पेटी तुमच्यापासून ६८ मीटरवर ठेवून वाजवण्यासारखं. गजानन महाराजांच्या पालखीत कधी चालला असाल तर दिंडीच्या एका टोकाचे टाळ दुसऱ्या टोकाला मागे पडून ऐकू येतात, ते आठवा. तसा ताल धरून कुणाला वाजवता येणार नाही. यूट्यूब बघताना हा उशीर जाणवत नाही, कारण ॲप चित्रही तेवढंच थांबवून दाखवतं. तुमची बोटं मात्र कुणी थांबवू शकत नाही.

यातून एक गंमत होते. हेडफोनचं ३.५ एमएमचं गोल भोक असलेला स्वस्त अँड्रॉइड फोन या कामाला ते भोक नसलेल्या महागड्या फोनपेक्षा सोयीचा ठरू शकतो. भोक नसेल तर कीबोर्ड, हेडफोन आणि चार्जर तिन्ही लागतील असा यूएसबी-सी हब घ्या. बजेट करताना कीबोर्डच्या किमतीत तो आधीच धरा. दुकानात शक्यतो स्वतःचा फोन नेऊन तिथेच लावून बघा.

आणि त्याही आधी काहीच विकत घेऊ नका. बँडलॅब फुकट आहे, आयफोनवर गॅरेजबँड फुकट आहे. स्क्रीनवरच्या पट्ट्यांवर आठवडाभर वाजवा. वायरवाले हेडफोन लावूनही बोट आणि आवाज यांत अंतर जाणवत असेल तर तो तुमच्या फोनचा किंवा ॲपचा वेग आहे, नवा कीबोर्ड आणून तो सुधारणार नाही.

भजनी मंडळाच्या कपाटात बघा

आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला 'कॅसिओ'च म्हणतात, मग तो यामाहाचा का असेना. गावात कुणाकडे तरी, मंडळात, शाळेत तो असतोच. त्याच्या मागे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी पोर्ट आहे का बघा. असेल तर बहुधा तोच मिडी कीबोर्ड म्हणून फोनला जोडता येतो, आणि खर्च फक्त वायरचा. 'काळी चार'मध्ये गाणाऱ्याला 'पांढरी एक'ची बोटं ठेवून साथ करायची तर ट्रान्सपोजचं बटण असतंच.

तालाचं काय? ॲपमधले तयार ढोल बहुतेक परदेशी ड्रमसेटचे असतात. तुकडोजी महाराजांनी गावोगाव पोचवलेली खंजिरी त्यात सापडणं अवघड. पण खंजिरीची एकेक थाप फोनवर रेकॉर्ड करून कोआला सॅम्पलरसारख्या ॲपमध्ये एकेका पट्टीला लावता येते. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली खरी मजा इथे आहे. उसन्या बीटवर रॅप करणारे पुष्कळ आहेत.

'यावर मींड कुठे येते?' असा आक्षेप जाणकार घेतील. तो पेटीवरही घेतला गेला होता. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली, त्यामागे सूर जागेवर ठोकलेले आणि मींड निघत नाही हेही कारण होतं. मिडी कीबोर्डवर निदान सूर वळवण्याचं चाक असतं. ते सगळे सूर एकदम वळवतं, ही मर्यादा. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये प्रत्येक सूर वेगळा वळवता येतो आणि अँड्रॉइड १३ पासून यूएसबीवर त्याची सोय आहे. परवडणारे कीबोर्ड मात्र बहुतेक अजून जुनीच भाषा बोलतात.

ऑरेंज इकॉनॉमीच्या चर्चेत संस्था, निधी, कॅम्पस असे मोठे आकडे असतात. तालुक्याच्या कॉलेजात किंवा वाचनालयात दोन कीबोर्ड, दोन हब आणि चार वायरवाले हेडफोन ठेवायला एका बऱ्या फोनच्या किमतीएवढा खर्च येईल. मागणी करायचीच असेल तर ग्रामपंचायत, नगर परिषद आणि कॉलेजकडे एवढीच यादी घेऊन जा. मुलांना वापरून बघता येईल आणि दहा हजार खर्चायचे की नाही हे त्यानंतर ठरवता येईल.