उशाचा लॅपटॉप

अंकाची शेवटची प्रुफं तपासत होते. रात्रीचा पाऊण वाजला होता. पाणी प्यायला उठले तर लेकीच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेडाची रेघ. प्रोजेक्ट करायचाय म्हणून जेवणानंतर लॅपटॉप घेऊन गेली होती. प्रोजेक्ट नऊलाच झाला होता. मग एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर. मला पाहून तिनं झाकण मिटलं आणि म्हणाली, "आई, मलाच थांबता येत नाही गं."

तेव्हापासून मला वाटतं, रात्री लॅपटॉप काढून घेणं आपण शिक्षा समजतो, पण ती मुलांना हवी असलेली मदत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे यंत्र आपणच त्यांच्या हाती दिलं. शाळा पुन्हा भरल्या, यंत्र उशाशीच राहिलं. रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा वाढतं. वयात येणाऱ्या मुलांची झोप तशीही पुढे सरकलेली असते. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप हवी. पाऊणला झोपून सहाला उठणाऱ्या पोरीला सव्वापाच तास मिळतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. निजायची वेळ मात्र घरानंच ठरवायची.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून पडदे ठरावीक वेळी बंद ठेवायची वाट दाखवली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की नियम मोठ्यांनाही होता.

आमच्याकडे आता साडेनऊला सगळे चार्जर हॉलमध्ये लागतात, माझाही. पहिला आठवडा चिडचिडीचा गेला. परवा लेक दहाला झोपली होती, पुस्तक छातीवर उपडं.

वाचकहो, या सुट्टीत तुमच्या घरी सुरुवात करा. शाळा उघडेपर्यंत सवय लागेल. आणि शिक्षकांना हात जोडून विनंती: रात्री आठनंतर ग्रुपवर गृहपाठ टाकू नका.