झेंडूचं रोप बुटकंच बरं

दसऱ्याच्या झेंडूसाठी जुलैत ट्रे भरणाऱ्या सगळ्यांना एकच सांगणं आहे : रोपाची उंची औषधाने नाही, उजेडाने आवरा.

पावसाळ्यात आधीच आभाळ भरलेलं, त्यात डोक्यावर 50 टक्क्यांची शेडनेट. रोप उजेडाकडे धावतं, खोड बारीक राहतं आणि लागवडीनंतर पहिल्याच जोराच्या सरीत लोळतं.

बिघडतं ते बहुधा पहिल्याच आठवड्यात. बी टोकून ट्रे एकावर एक रचायचे आणि प्लास्टिकने झाकायचे, हे बरोबरच; उबेने उगवण एकसारखी होते. पण तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ प्लास्टिक उचलून बघा. चार-दोन कप्प्यांत कोंब कोकोपीटमधून वर आला, की त्याच वेळी थर मोडून ट्रे उजेडात मांडा. बाकीचं बी उगवू दे म्हणून आणखी एक रात्र झाकून ठेवलंत, तर खोड दोऱ्यासारखं लांबतं. ते पुन्हा आखूड होत नाही.

पुढे ढगाळ दिवशी नेट बाजूला सारा. पावसासाठी वर पारदर्शक प्लास्टिक पुरे. पाणी सकाळीच द्या आणि कोकोपीटचा रंग जरा फिका पडल्याशिवाय पुन्हा देऊ नका. युरियाला हात आखडता घ्या. पानं कोरडी असताना रोज एक हलका पाइप शेंड्यांवरून आठ-दहा वेळा फिरवा. सतत हलणारं रोप बुटकं राहतं, खोडाने भरतं. मात्र पानांवर करपा दिसला तर हे थांबवा, रोग पसरेल.

आंब्याला घालतात ते पॅक्लोब्युट्राझॉल कुणी सुचवेल. उंची थांबते, खरं आहे. पण मात्रा जरा जास्त झाली तर रोप शेतात गेल्यावरही खुरटलेलंच राहतं, आणि दसरा काही आपल्यासाठी थांबत नाही.

शेत कधी तयार होईल ते ठरवून, त्याआधी 20 ते 25 दिवस बी टाका. तयार रोपं ट्रेत अडकून पडली, की दाटीने पुन्हा उंचावतात.

रोपं विकत घेणार असाल तर उंचीला भुलू नका. एक रोप कप्प्यातून उपसून बघा. पानं चार-पाच, मुळं पांढरी आणि गड्डा न फुटता बाहेर आला, तरच पैसे मोजा.